दम्याचा पंप लागू पडत नसेल तर एकदा गळ्याचा सीटी स्कॅन काढा : डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सगळ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना, छातीच्या डॉक्टरांना आणि आम्ही सगळ्यात आधी ज्यांच्या दारात येतो त्या गावच्या फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी करते आणि गेली दहा वर्षं माझ्या वडिलांची, म्हणजे आमच्या अण्णांची फाइल सांभाळते. फाइल म्हणायची पद्धत म्हणून, आता त्या दोन कापडी पिशव्या झाल्यात. अण्णांना स्वरयंत्राच्या कूर्चेचा, म्हणजे तिथल्या मऊ हाडाचा कॅन्सर झाला, तुमच्या भाषेत लॅरिंजियल कॉन्ड्रोसार्कोमा. स्वरयंत्राचे जेवढे कॅन्सर असतात त्यात शंभरात एकसुद्धा हा नसतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखादाच असा पेशंट भेटेल, कित्येकांना भेटणारही नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले, कारण तो एकटा जेव्हा येईल तेव्हा तो दमेकरी म्हणून येईल नाहीतर घसा बसलेला म्हातारा म्हणून येईल, आणि त्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसेल.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. खच्चून भरलेल्या गाडीत "पुढं सरका, मधी जागा हाय" असं ओरडत तिकिटं फाडायची, उतरणाऱ्यांना स्टॉप सांगायचा, ड्रायव्हरला डबल बेल द्यायची. त्यामुळे २०१५ च्या दिवाळीनंतर त्यांचा आवाज घोगरा झाला तेव्हा घरात कुणाला काही वाटलंच नाही. डॉक्टरांनाही नाही. कंडक्टरचा घसा आहे, बसणारच, गुळण्या करा, आठ दिवस बोलू नका. मग अँटिबायोटिक झालं, मग ऍसिडिटीच्या गोळ्या दोन महिने झाल्या, मग तालुक्याला दाखवलं. तोपर्यंत जिना चढताना धाप लागायला लागली होती. छाती तपासली, दमा आहे म्हणाले, पंप दिला. वर्षभर पंप घेतला. गुण नाही म्हणून डोस वाढवला, वर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, गोळ्या चालू असल्या की थोडं बरं वाटायचं आणि थांबवल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझी आई सातवी शिकलेली. तिनं तेव्हा एक गोष्ट दर डॉक्टरला सांगितली होती. "ह्यांची शिट्टी श्वास आत घेताना वाजते, सोडताना न्हाई." कुणी ते लिहून घेतलं नाही. आज मला माहीत आहे की दम्याची घरघर सहसा श्वास सोडताना ऐकू येते आणि वरची वाट, म्हणजे स्वरयंत्राजवळची वाट अरुंद झाली की श्वास आत घेताना आवाज येतो. तुम्हाला तर हे कॉलेजातच शिकवलेलं असतं. पण दुपारी दीड वाजता ओपीडीत ऐंशी पेशंट बाहेर बसलेले असताना एका कंडक्टरच्या बायकोचं वाक्य हवेत विरून जातं, मी समजू शकते. तरीही हात जोडून सांगते, ते वाक्य ऐका. नाहीतर घरच्यांना सांगा की रात्री झोपेतला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, आता घराघरात मोबाइल आहे.

अजून एक गोष्ट. २०१६ मध्ये अण्णांची फुंकर मारायची टेस्ट झाली होती, स्पायरोमेट्री. तो कागद आमच्या पिशवीत आहे. त्यावरचा आलेख वरूनही चपटा आहे आणि खालूनही चपटा आहे, डब्यासारखा चौकोनी. पुढे मुंबईत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो कागद हातात घेतला आणि क्षणभर काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की हा दम्याचा आलेख नाही, वर कुठेतरी वाट कायमची आवळली गेली की असा आलेख येतो. उत्तर आमच्या घरात कपाटात एक वर्ष पडून होतं. छातीच्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे की त्या मशीनमधून नुसता आकडा वाचू नका, आकारही बघा.

मग कान-नाक-घसा. तिथे दुर्बीण घातली, डावी स्वरतंतू हलत नाही असं दिसलं. वरची त्वचा गुळगुळीत, स्वच्छ, कुठे जखम नाही, गाठ नाही. छातीचा एक्स-रे काढला, त्यात काही नाही, म्हणून कागदावर लिहिलं की कारण सापडत नाही, काही महिन्यांनी परत दाखवा. ह्यात कुणी मुद्दाम चूक केली असं मला म्हणायचं नाही. हा कॅन्सर वरून दिसतच नाही. नेहमीचा स्वरयंत्राचा कॅन्सर, जो ९० टक्क्यांहून जास्त जणांना असतो, तो वरच्या अस्तरातून उगवतो म्हणून दुर्बिणीत दिसतो. हा आतल्या कूर्चेतून वाढतो आणि अस्तर त्याच्यावर ताणल्यासारखं शाबूत असतं. चारातल्या साधारण तीन पेशंटमध्ये तो क्रिकॉइड नावाच्या कूर्चेतून सुरू होतो आणि तोही तिच्या मागच्या रुंद पाटीतून. बाकीच्यांत बहुतेक थायरॉइड कूर्चेतून, म्हणजे आपण ज्याला कंठमणी म्हणतो तिथून, तेव्हा मात्र गळ्यावर टणक गाठ हाताला लागते. अण्णांची मागच्या बाजूला होती, हाताला काहीच लागत नव्हतं. म्हणून म्हणते, स्वरतंतू हलत नसेल आणि कारण मिळत नसेल तर "कारण नाही" असं लिहायच्या आधी कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी झालाच पाहिजे. हजारांत एखाद्याला हाच आजार निघेल, पण बाकीच्यांनाही थायरॉइड ग्रंथीचं, अन्ननलिकेचं, फुप्फुसाचं काहीतरी निघू शकतं, म्हणजे तो सीटी वाया जाणारा नाही.

मार्च २०१७ मध्ये एका रात्री अण्णांना श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. गाडी करून नेलं, तिथे हजर असलेल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता गळ्याला भोक पाडून नळी घातली. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही, त्यांच्यामुळे अण्णा आज आहेत. दुसऱ्या दिवशी सीटी झाला. क्रिकॉइडच्या मागच्या भागात साडेतीन सेंटिमीटरची गाठ आणि तिच्यात पांढरे पांढरे ठिपके, कॅल्शियमचे. डॉक्टर म्हणाले पॉपकॉर्नसारखं दिसतंय. आई म्हणाली, लाह्या फुटल्यागत. चारातल्या तीन पेशंटमध्ये सीटीवर असे ठिपके दिसतात म्हणे, म्हणजे ज्याने एकदा बघितलंय त्याच्या डोक्यात घंटा वाजतेच.

आणि मग सुरू झालं तंबाखूचं.

डॉक्टर, हे मला जरा सविस्तर लिहायचंय. घशाचा कॅन्सर म्हटल्यावर तंबाखूबद्दल विचारणं तुमचं कामच आहे, विचारा. पण अण्णांनी आयुष्यात तंबाखू, बिडी, दारू कशाला हात लावला नाही, माळकरी माणूस. त्यांनी नाही म्हटल्यावर तोच प्रश्न परत, मग मला बाजूला घेऊन, मग आईला, "लपवू नका, खरं सांगा". एकानं तर फाइलवर तंबाखू असं लिहूनही टाकलं, विचारल्यावर म्हणाले बहुतेकांना असतं. तोंडाला नळीमुळे आवाज नाही, पाटीवर लिहून अण्णा सांगतायत "कधी नाही" आणि समोरचा माणूस मान हलवतोय. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं, नळी घातली तेव्हा रडले नव्हते. ह्या कूर्चेच्या कॅन्सरचा तंबाखूशी संबंध सिद्ध झालेला नाही. वय वाढतं तशी स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू हाडासारखी कडक होत जाते, त्यात काहीतरी बिघडून हा होत असावा असा एक अंदाज आहे, पण पक्कं कारण जगात कुणाला माहीत नाही. पन्नाशी ते सत्तरीच्या पुढचे लोक, त्यात पुरुष बायकांच्या साधारण तिप्पट. बस. पेशंटनं पाप केलं असं ह्यात काही नाही, आणि पेशंटला हे कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. गावात लोक काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, आम्हाला येतं.

बायोप्सी दोनदा झाली. पहिल्यांदा वरवरचा तुकडा आला आणि रिपोर्ट आला साधी कूर्चा, कॅन्सर नाही, कदाचित साधी गाठ, कॉन्ड्रोमा. घरात पेढे वाटायचे बाकी होते. नंतर समजलं की ही गाठ दगडासारखी टणक असते, चिमटा घसरतो, आणि जो भाग वरवर मिळतो तो साध्या कूर्चेसारखाच दिसू शकतो. शिवाय कमी ग्रेडचा, म्हणजे कमी आक्रमक कॅन्सर आणि साधा कॉन्ड्रोमा ह्यातला फरक मायक्रोस्कोपखाली सुद्धा बारीक असतो. खरा कॉन्ड्रोमा स्वरयंत्रात अजूनच दुर्मीळ आहे, आणि असतो तेव्हा बहुतेक लहान, दोन सेंटिमीटरच्या आतला असतो. साडेतीन सेंटिमीटरची गाठ आणि साधा कॉन्ड्रोमा हे दोन कागद एका टेबलावर ठेवले असते तर कुणीही थांबला असता. पण आमच्याकडे सीटी एका शहरात वाचला गेला, तुकडा दुसऱ्या लॅबमध्ये बघितला गेला, आणि त्या लॅबला पाठवलेल्या चिठ्ठीवर फक्त "घशातली गाठ" असं लिहिलं होतं. पॅथॉलॉजीवाल्यांना सीटीची फिल्म बघायला मिळाली पाहिजे, निदान रिपोर्टची झेरॉक्स तरी. दुसऱ्यांदा भूल देऊन खोलवरचा तुकडा घेतला तेव्हा ग्रेड १ कॉन्ड्रोसार्कोमा असं नाव आलं.

नाव आलं आणि धावपळ सुरू झाली, ती आमच्या मते सगळ्यात मोठी चूक. जिथे होतो तिथल्या सर्जननी सांगितलं शुक्रवारी ऍडमिट व्हा, स्वरयंत्र पूर्ण काढायचं, मानेच्या दोन्ही बाजूच्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, साफ करायच्या, आणि मग तीस शेक, म्हणजे रेडिएशन. अंदाजपत्रक हातात दिलं. आम्ही घाबरलेलो होतो, मी तर कर्जाचा अर्जही भरला होता स्वतःच्याच बँकेत. वाचलो ते एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांमुळे, त्यांनी जाता जाता मला सांगितलं की ताई, हा तो नेहमीचा कॅन्सर नाही, ह्याला घाई नसते, एकदा मोठ्या ठिकाणी स्लाइड दाखवून या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

मुंबईत स्लाइड परत बघितल्या, सीटी परत वाचला, पाच-सहा वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं. तिथे आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण असं समजावणं प्रत्येक पेशंटला मिळायला पाहिजे. हा कॅन्सर बहुतेक वेळा कमी ग्रेडचा असतो, खूप सावकाश वाढतो, वर्षानुवर्षं. मानेच्या गाठींमध्ये सहसा जात नाही, त्यामुळे मान साफ करायचं ऑपरेशन सरसकट करायची गरज नसते. लांब पसरणं, मुख्यतः फुप्फुसात, दहातल्या एकापेक्षा कमी पेशंटमध्ये होतं आणि ते जास्त करून वरच्या ग्रेडमध्ये. शेकाला आणि केमोला तो फारसा दाद देत नाही, शेक राखून ठेवायचा असतो तो ऑपरेशन शक्यच नसेल किंवा ग्रेड वरची असेल अशांसाठी. औषध म्हणजे ऑपरेशन. आणि ऑपरेशन किती मोठं करायचं हे गाठीचं नाव नाही ठरवत, क्रिकॉइड किती उरलीय ते ठरवतं.

क्रिकॉइड ही अंगठीसारखी असते, पुढून अरुंद, मागून रुंद. आपल्या श्वासाच्या वाटेवरचं तेवढं एकच पूर्ण गोल कडं. बाकी श्वासनलिकेची कडी मागून उघडी असतात. तेच कडं वाट उघडी धरून ठेवतं, त्यामुळे ते सगळं काढलं तर गळा मिटतो, आणि म्हणून ह्या जागेची गाठ सर्जनला इतकी अवघड. निम्म्यापेक्षा कमी कड्यात गाठ असेल तर तेवढा भाग काढून उरलेलं कडं वाचवता येतं, कधी लेझरने आतून कोरून, कधी गळा बाहेरून उघडून, कधी काढलेल्या जागी बरगडीची कूर्चा बसवून. निम्म्याच्या वर गेली, परत परत आली किंवा ग्रेड वाईट निघाली तर स्वरयंत्र पूर्ण काढावं लागतं. अण्णांची निम्म्याच्या आसपास होती. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. मोठं ऑपरेशन केलं तर परत यायची शक्यता कमी, आवाज आजच जाईल. छोटं केलं तर आवाज राहील, पण गाठीचा थोडा अंश मागे राहू शकतो, परत येऊ शकते, बऱ्याच जणांची येते, कधी पाच वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी. पण परत आली म्हणून हरलो असं नाही, तेव्हा मोठं ऑपरेशन केलं तरी जगण्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. ह्या आजाराने पाच वर्षांत माणूस जाईल अशी भीती दहात साधारण एकालाच, बाकीचे नऊ जण असतात. हा आकडा ऐकून आईनं पदर डोळ्याला लावला. तोपर्यंत कुणी आम्हाला कुठलाच आकडा सांगितला नव्हता, फक्त कॅन्सर हा शब्द सांगितला होता.

अण्णांनी पाटीवर लिहिलं, "आवाज ठेवा. जितके दिवस राहील तितके."

जून २०१७ मध्ये गळा उघडून गाठ जमेल तेवढी काढली, पाच महिन्यांनी नळी निघाली. आवाज जाडाभरडा, पण स्वतःचा. साडेचार वर्षं मिळाली. त्या साडेचार वर्षांत माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, अण्णांनी तिच्या कानात तिचं नाव सांगितलं. स्वतःच्या आवाजात. ज्यांना वाटतं की शेवटी काढायचंच होतं तर आधीच काढायला काय हरकत होती, त्यांना माझं उत्तर हे आहे. तुमच्या तक्त्यात "पुनरावृत्ती, सर्जरी नंतर ५४ महिने" अशी ती एक ओळ असेल, आमच्यासाठी ते एक आख्खं आयुष्य होतं.

२०२० मध्ये लॉकडाउन लागला, तपासणी चुकली, जवळजवळ चौदा महिने आम्ही मुंबईला गेलो नाही. २०२१ च्या शेवटी परत शिट्टी ऐकू आली, आणि ह्या वेळी आईनं नुसतं सांगितलं नाही, बॅग भरली. सीटीत गाठ वाढलेली, कडं निम्म्याहून जास्त खाल्लेलं. ग्रेड तीच. जानेवारी २०२२ मध्ये स्वरयंत्र पूर्ण काढलं. मान साफ केली नाही, शेक दिला नाही, कारण दोन्हीची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वीच्या त्या अंदाजपत्रकातल्या तीन गोष्टींतली एकच करावी लागली आणि तीही पाच वर्षं उशिरा.

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी केली ती प्रत्येक ठिकाणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. त्या आदल्या आठवड्यात येऊन बसल्या, आवाज गेल्यावर कसं बोलता येतं ते तिन्ही प्रकार दाखवले. अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखं बोलणं, गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र, आणि श्वासनलिका व अन्ननलिका ह्यांच्या मध्ये बसवायची छोटी झडप. आधीच ह्यातून गेलेल्या एका काकांना भेटवलं. आणि सांगितलं की आवाज रेकॉर्ड करून ठेवा. अण्णांना काय बोलावं सुचेना. मग ते एकदम सुरू झाले, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पंढरपूर, मधले सगळे फाटे, वस्त्या, विनंती थांबे, एकही न चुकता. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. माझी मुलगी ते लावून झोपते.

आता अण्णा झडपेवर बोलतात. गळ्याच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि बोलायचं. फोनवर सुद्धा समजतं. पण ही झडप कायमची नसते, काही महिन्यांनी तिच्यावर बुरशी धरते, पाणी प्यायलं की थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागतो, मग बदलायची. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात, दर वेळी. बंगळूरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांच्या आसपास पडेल अशी झडप तयार केलीय, ऑम नावाची, गरिबांसाठी. अशा गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणी का पोचत नाहीत? आणि झडप कुठलीही असो, ती बदलायचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, त्यासाठी साताऱ्याच्या माणसाने दर वेळी मुंबई गाठायची? प्रत्येक जिल्ह्यात एका तरी कान-नाक-घसा डॉक्टरनी हे शिकून घेतलं तर किती जणांच्या मजुरीचे दिवस वाचतील, कारण इथे फक्त आमच्यासारखे दुर्मीळ पेशंट नाहीत, तंबाखूच्या कॅन्सरने स्वरयंत्र गेलेले कितीतरी लोक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यांनाही तीच झडप लागते.

आणि एक अगदी तातडीचं. अशा माणसाच्या नाकातोंडाचा श्वासाशी काही संबंध उरलेला नसतो, तो फक्त गळ्यातून श्वास घेतो. चक्कर येऊन पडला, ऍक्सिडेंट झाला, तर ऑक्सिजन गळ्यावर धरायचा, तोंडावर नाही. तोंडावर मास्क बांधून काहीच आत जात नाही. ऍम्ब्युलन्समधल्या मुलांना, कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना हे सांगितलेलं असतं का? अण्णांच्या खिशात आम्ही मराठीत लिहिलेलं कार्ड ठेवतो, "मी गळ्यातून श्वास घेतो". असं कार्ड ऑपरेशननंतर घरी सोडताना हॉस्पिटलनेच द्यावं, लॅमिनेट करून, खर्च तो किती.

नंतरच्या तपासणीबद्दल पण लिहिते. बाकीच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं निघाली की डॉक्टर हसून हात मिळवतात. ह्याच्यात तसं करू नका. हा सावकाश वाढतो म्हणजे सावकाश परतही येतो. पेशंटला घरी जाताना स्पष्ट सांगा की दर वर्षी यायचंय, जन्मभर, गळ्याचं आणि छातीचं बघायला. आम्ही खेडेगावचे लोक, दुखत नसेल तर येत नाही. फोन करा, तारीख द्या, कुणालातरी जबाबदार करा.

शेवटची मागणी नोंदीची आहे. मुंबईत कॅन्सरची नोंदणी १९६३ पासून होते, आपल्याच बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, म्हणजे नोंद ठेवण्यात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. पण एखाद्या लहान हॉस्पिटलच्या कागदावर जेव्हा नुसतं "स्वरयंत्राचा कॅन्सर" एवढंच लिहिलं जातं तेव्हा अण्णांसारखा माणूस हजारो तंबाखूवाल्यांच्या गर्दीत हरवतो. ह्या आजाराबद्दल आज जे काही माहीत आहे त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या एका संस्थेने १११ पेशंटच्या स्लाइड आणि कागद एकत्र करून २००२ मध्ये छापलं त्यावर उभं आहे. १११! आपल्या एवढ्या मोठ्या देशात तेवढे पेशंट नक्कीच सापडतील, पण ते शंभर वेगवेगळ्या कपाटांत आहेत. नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, २०१२ पासून आहे, टाटा मेमोरियलकडून चालते, अवघड केस ऑनलाइन मोठ्या डॉक्टरांसमोर मांडायची सोय आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनो, ती वापरा. पेशंटला मुंबईला पाठवायच्या आधी त्याचा सीटी आणि त्याच्या स्लाइड पाठवा. कधी कधी पेशंटला जावंही लागणार नाही, आणि जिथे तुम्ही शुक्रवारी ऑपरेशन ठरवलंय तिथे एक आठवडा थांबायला हरकत नाही, नळी घालून श्वासाची सोय झालेली असेल तर हा आजार तेवढा वेळ देतो. आम्हाला दिला.

हे पत्र अण्णांनी वाचलंय. दोन ठिकाणी त्यांनी माझ्या तारखा दुरुस्त केल्या, आणि एक निरोप द्यायला सांगितलाय. मेडिकल कॉलेजच्या पोरांना असा पेशंट बघायला मिळत नाही असं त्यांना मुंबईच्या सरांनी सांगितलं होतं. ते म्हणतायत, पोरांना बघायचं असंल तर मी येतो, गळा दाखवतो, बोलून दाखवतो, २०१६ चा तो फुंकर मारलेला कागद आणि सगळे सीटी घेऊन येतो. एसटीचा पास आहेच.

आपली,
एका पेशंटची मुलगी
जि. सातारा